संगणकाची प्रणाली बदलल्यानंतर

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे खेडे. शहर वाढत वाढत त्याच्या वेशीपाशी आले आणि त्याला वळसा घालून पुढे निघून गेले. खेडे जागच्या जागी राहिले. एका अंगाला १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, थोड्या अंतरावर हौजखासची तंत्रविज्ञान संस्था आणि २०१८ पासून मेट्रोचे स्थानक, ह्यांमुळे तेथील अरुंद गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांना विद्यार्थ्यांची कधी वाण पडत नाही. अशा खोलीत एक खाट, एक पंखा आणि एक लॅपटॉप एवढाच संसार असतो; आणि त्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वर्षांचे संशोधन साठविलेले असते.

अशा एखाद्या विद्यार्थ्याने रात्री निजण्यापूर्वी आपल्या संगणकाची उबुंटू ही कार्यप्रणाली २२.०४ ह्या आवृत्तीवरून २४.०४ वर नेली, अशी कल्पना करावी. सकाळी पडदा पूर्वीपेक्षा देखणा दिसतो. परंतु काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेला त्याचा पायथन भाषेतील प्रोग्रॅम एका ओळीत उत्तर देऊन थांबतो : नमपाय नावाचे मॉड्यूल सापडत नाही. प्रबंधातील सारी कोष्टके ह्याच प्रोग्रॅममधून निघावयाची असतात आणि मार्गदर्शकांनी दिलेली मुदत तोंडावर आलेली असते. विद्यार्थी फाइलींच्या कप्प्यात जाऊन पाहतो, तो नमपाय जेथल्या तेथे आहे. एक अक्षरही पुसले गेलेले नाही. मग सापडत नाही, ह्याचा अर्थ काय?

हे कोडे उलगडण्यासाठी कार्यप्रणालीचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. कोणताही प्रोग्रॅम एकटा नांदत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, स्मृतीत जागा मिळविणे, ह्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याला कार्यप्रणालीकडे अर्ज करावा लागतो. शिवाय अनेक प्रोग्रॅमांना लागणारी सामाईक कामे ज्या संचांत एकत्र बांधून ठेवलेली असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या पत्त्यावर मिळेल, हे प्रोग्रॅमने गृहीत धरलेले असते. सरकारी कचेरीचे दप्तर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलविल्यावर जुना कारकून सवयीने तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात हात घालतो आणि फाइल गहाळ झाल्याचा शेरा मारतो, तशातलाच हा प्रकार. फाइल गहाळ नसते. खण बदललेला असतो.

उबुंटूच्या २२.०४ ह्या आवृत्तीबरोबर पायथन ३.१० येतो, तर २४.०४ बरोबर ३.१२. जाणते प्रोग्रॅमर प्रत्येक कामासाठी पायथनचे एक स्वतंत्र आवार उभारतात, जेणेकरून एका कामाच्या लायब्रऱ्या दुसऱ्या कामात मिसळू नयेत. ह्या आवारात पायथनची संपूर्ण प्रत बहुधा नसतेच. प्रणालीच्या पायथनकडे बोट दाखविणारी केवळ एक खूण असते. प्रणाली बदलली, की तीच खूण आपोआप ३.१२ कडे बोट दाखवू लागते. हा नवा पायथन आपल्या लायब्रऱ्या ३.१२ असे नाव असलेल्या कप्प्यात शोधतो. जुन्या लायब्रऱ्या मात्र ३.१० च्या कप्प्यात पडून असतात. अशा रीतीने दोन्ही पक्ष खरे बोलत असतात आणि तरीही भेट होत नाही.

येथपर्यंतचे दुखणे किरकोळ आहे. खरी हानी होते ती त्यानंतरच्या घाईत. पहिला मोह असा, की जुना कप्पा उचलून नव्या नावाने ठेवावा. नमपायसारख्या लायब्रऱ्यांतील बराचसा भाग यंत्रभाषेत आणि पायथनच्या विशिष्ट आवृत्तीसाठी घडविलेला असतो. तो नव्या घरात चालत नाही. दुसरा मोह अधिक घातक. प्रणालीचा मूळ पायथनच जुन्या आवृत्तीकडे वळवावा, असे पुष्कळांना सुचते. परंतु उबुंटूची स्वतःची कित्येक साधने त्याच पायथनवर उभी आहेत. मूळ पायथन वळविल्यानंतर आज्ञा देण्याची खिडकीच उघडेनाशी झाली, नवी सॉफ्टवेअरे बसविणारी साधने मोडली, असे प्रकार घडतात. दात दुखतो म्हणून जबडा हलविण्यासारखेच हे! आणि तिसरा मोह, म्हणजे वैतागून सारा संगणक पुसून नव्याने आरंभ करण्याचा. प्रत काढून ठेवलेली नसेल तर ह्या उपायाने दुखण्याबरोबर प्रबंधही जातो.

पायथनच्या कर्त्यांनी ह्यांतील एका वाटेवर अलीकडे फाटक बसविले आहे. उबुंटू २४.०४ मध्ये आवाराबाहेर, थेट प्रणालीच्या पायथनमध्ये, पिप ह्या साधनाने लायब्ररी बसवू गेल्यास ते नकार देते आणि हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित असल्याचे सांगते. नवख्याला हा उद्धटपणा वाटतो. तो फाटक मोडून आत शिरण्याची युक्तीही शोधून काढतो, कारण तशी युक्ती ठेवलेली आहे. ती न वापरणे बरे.

खरा उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. जुने आवार दुरुस्त करीत बसू नये. ते बाजूला ठेवावे आणि नवे उभारावे. ज्याने आपल्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची आवृत्त्यांसह यादी करून ठेवली आहे, त्याचे काम बहुधा थोड्या वेळात होते. यादी नसली तरी हताश होण्याचे कारण नाही. जुन्या कप्प्यात प्रत्येक लायब्ररीच्या नावाबरोबर तिची आवृत्ती लिहिलेली असते. तेथून यादी उतरवून घेता येते. म्हणूनच जुने आवार तडकाफडकी पुसू नये.

आता एक अडचण उरते. जुन्या यादीत नमपायची १.२१ ही आवृत्ती असेल, तर ती पायथन ३.१२ वर सरळ बसत नाही. ३.१२ ला साजेशी नमपायची पहिली आवृत्ती १.२६ ही होय. ती २०२३ मध्ये निघाली. त्याहून जुनी मागितल्यास संगणक ती मूळ मजकुरापासून घडवू पाहतो आणि शेकडो ओळींची तक्रार ओकून थांबतो. कारण त्या घडणीसाठी लागणारे डिस्टयूटिल्स हे जुने साधन ३.१२ मधून काढून टाकण्यात आले आहे. येथे दोन मार्ग संभवतात : आवृत्ती वाढवून प्रोग्रॅमचे आकडे पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहणे, किंवा पायथन ३.१० वेगळा, प्रणालीच्या पायथनला धक्का न लावता, शेजारी बसविणे. प्रबंध अर्ध्यावर असताना दुसरा मार्ग शहाणपणाचा. कोष्टके एका आवृत्तीत आणि आलेख दुसऱ्या आवृत्तीत काढल्यास परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड जाते.

तक्रारींच्या त्या शेकडो ओळी वाचण्याचीही एक रीत आहे. पायथन आपले खरे म्हणणे शेवटच्या ओळीत सांगतो. सी भाषेचा कंपायलर त्याच्या उलट. त्याची पहिली तक्रार खरी मानावी, कारण पुढच्या पुष्कळशा तीतूनच उद्भवलेल्या असतात.

हा अनुभव उबुंटूपुरताच नाही. ॲपलच्या संगणकावर प्रणाली वाढविल्यानंतर प्रोग्रॅमरांची आज्ञा-साधने हरविल्याची तक्रार येते. ती साधने पुन्हा बसविली की बहुधा भागते. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटांचे सारे प्रोग्रॅम एकदम बाद केले, आणि २०२२ मध्ये १२.३ ह्या आवृत्तीतून पायथनची जुनी दुसरी मालिका वगळण्यात आली. आपल्याकडील महाविद्यालयांत ज्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी वर कित्येक पिढ्या सी भाषा शिकल्या, तो १६ बिटांचा असल्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजवर मुळी चालतच नाही. तेव्हा काही ठिकाणी डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या डॉस प्रणालीचा देखावा उभा करून त्यात टर्बो सी चालविला गेला. विषय सुधारण्याऐवजी जुने यंत्रच सोंग करून जिवंत ठेवण्याची ही हौस नवलाची खरी.

लिनक्सचा गाभा मात्र ह्या बाबतीत फार सनातनी आहे. गाभ्यातील बदलामुळे जुना प्रोग्रॅम मोडता कामा नये, असा लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांचा कटाक्ष आहे. मोडतोड होते ती गाभ्याभोवतालच्या थरांत. त्यातही सी भाषेची मूळ लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमांना सांभाळून घेते. उलट दिशेने मात्र ती सवलत नाही. मुनिरक्याच्या खोलीत २४.०४ वर घडविलेला सी प्रोग्रॅम विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील २२.०४ च्या यंत्रावर नेला, तर पुष्कळदा लायब्ररीची अमुक आवृत्ती मिळाली नाही असे सांगून तो अडतो. अशा वेळी घडविलेली फाइल न नेता मूळ मजकूर न्यावा आणि तेथल्या यंत्रावर तो पुन्हा घडवावा.

आवृत्ती केव्हा बदलावी, हाही प्रश्न उरतोच. २२.०४ ला २०२७ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या असे प्रारंभीच जाहीर झालेले होते. तेव्हा २०२४ मधील त्या रात्री बटण दाबण्याची निकड नव्हती. प्रबंध सादर झाल्यावर, बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून, ते दाबता आले असते.