मकरानची लाट, मुंबईचं घड्याळ

28 नोव्हेंबर 1945. भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटेचे 3 वाजून 26 मिनिटं. आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावरच्या पसनीजवळ समुद्राखाली सुमारे 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच सकाळी लाटा मुंबईत शिरल्या. वर्सोवा आणि हाजीअलीला माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. ऐंशी वर्षांनी तीच लाट मी संगणकावर पुन्हा उठवत होतो.

सुरुवात जमिनीपासून. प्रस्तरभंग किती लांब, किती रुंद, किती तिरका आणि किती सरकला, हे आकडे भूकंपशास्त्रज्ञ ओकादांच्या 1985च्या समीकरणांत भरले की समुद्रतळ कुठे उचलला गेला, कुठे खचला ते कळतं. वरचं पाणी क्षणभर तोच आकार घेतं असं धरायचं. भूकंपाचं काम इथे संपलं. पुढचं सगळं खोली ठरवते.

अरबी समुद्राचे मी साधारण 900 मीटरचे चौकोन पाडले होते आणि हिशेब दर 10 सेकंदांनी करायला लावला होता. थोड्याच वेळात पडद्यावर हिमालयाहून उंच लाटा! चूक माझीच. 3,000 मीटर खोलीवर सुनामी ताशी सहाशे किलोमीटरच्या वर धावते. एक चौकोन ती पाच सेकंदांत ओलांडते. पावलं लाटेपेक्षा लांब टाकली की गणित कोसळतं. 2 सेकंद केले, समुद्र शहाणा झाला.

मग लाट मुंबईकडे निघालेली पाहिली. खोल पाण्यातलं अंतर दीड तासात संपलं आणि लाट एकदम रेंगाळली. मुंबईसमोरचा भूखंडमंच जवळजवळ 300 किलोमीटर रुंद आणि उथळ. 80 मीटर पाण्यात वेग ताशी शंभरावर येतो, म्हणजे एवढ्याच पट्ट्याला तीन तास. ढोबळ बेरीज साडेचार तास.

पसनीत वेगळंच कोडं आहे. मॉडेलमधली लाट तिथे काही मिनिटांत पोचते. माणसांनी सांगितलेली विध्वंसक लाट मात्र दीड-दोन तासांनी आली. म्हणून अभ्यासक समुद्राखालच्या दरडींकडेही बोट दाखवतात.

लाट मुंबईत पोचल्याची वेळ सव्वाआठ सांगितली जाते. पण तेव्हा शहरात 'बॉम्बे टाइम'ही चालत असे, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. सव्वाआठ प्रमाणवेळेचे धरले तर प्रवास पावणेपाच तासांच्या थोडा पुढे, बॉम्बे टाइमचे धरले तर साडेपाचच्या आसपास. उत्तर जुळेना म्हणून प्रस्तरभंगाचे आकडे बदलायला माझा हात शिवशिवत होता. तो आवरला. आधी भिंतीवरचं घड्याळ कुणाचं होतं ते पाहायचं, जमिनीला हात नंतर.