अनेक स्विच, एक नियंत्रक

एखाद्या इमारतीतील वा संस्थेतील संगणक परस्परांशी जोडण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिला ईथरनेट असे म्हणतात. तिचा उगम १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज हे तिचे जनक होत. आरंभी सर्व संगणक एकाच सामाईक केबलला जोडलेले असत. त्यामुळे दोन संगणकांनी एकाच वेळी संदेश पाठविल्यास त्यांची टक्कर होई. ही अडचण पुढे ‘स्विच’ या उपकरणाने दूर केली. कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीने १९९० मध्ये ईथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला.

स्विचचे काम टपालाची विभागणी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे असते. संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरून कोणता संगणक कोणत्या पोर्टला जोडलेला आहे, याची नोंद स्विच आपल्या तक्त्यात करतो. घेणाऱ्याचा पत्ता त्या तक्त्यात पाहून तो तुकडा योग्य पोर्टातून बाहेर पाठवितो. एवढे काम तो कोणाच्याही आज्ञेवाचून करतो.

मग व्यवस्थापनाची गरज कोठे निर्माण होते? रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी पाहणारे संगणक व अभ्यागतांसाठी ठेवलेले संगणक एकाच जाळ्यावर असले, तरी त्यांची वाहतूक वेगळी राखावी लागते. न वापरलेली पोर्ट बंद ठेवावी लागतात, परवलीचे शब्द बदलावे लागतात. असे नियम प्रत्येक स्विचला सांगावे लागतात. स्विच दोन-चार असतील तर हे सोपे आहे. ते चाळीस असतील तर श्रम वाढतातच, पण त्याहून मोठा धोका विसंगतीचा असतो. एकोणचाळीस स्विचांवर नियम बसविला आणि एक विसरला, तर त्या एकाच दारातून परका मनुष्य आत शिरू शकतो.

यावरील एक उपाय म्हणजे स्विचांचा गट करणे. सिस्को या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी योजना आणली. तीत एक स्विच प्रमुख असे व इतर त्याचे सभासद असत. प्रमुख धरून गटात जास्तीत जास्त १६ स्विच घेता येत. स्विच आपल्या शेजाऱ्यांना ठरावीक काळाने स्वतःची ओळख देत असल्यामुळे प्रमुखास नवे सभासद शोधता येत. व्यवस्थापकाला केवळ प्रमुखाचा पत्ता पुरे. त्याची आज्ञा प्रमुखामार्फत सभासदांपर्यंत जाई आणि उत्तरही त्याच वाटेने परत येई. प्रमुख बंद पडला, तरी सभासदांची संदेशवाहतूक चालूच राही. अडे ते फक्त व्यवस्थापन. त्यासाठीही एक राखीव प्रमुख नेमून ठेवता येई.

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी मांडलेली ‘ओपनफ्लो’ ही पद्धत याच्याही पुढे गेली. तीत संदेश कोणत्या मार्गाने जावा, हा निर्णयही स्विचकडून काढून मध्यवर्ती नियंत्रकाकडे देता येतो. संपूर्ण जाळे एकाच दृष्टिक्षेपात पाहणे त्यामुळे शक्य झाले.

परंतु ज्या वाटेने योग्य आज्ञा सर्वत्र पोहोचते, त्याच वाटेने चुकीची आज्ञाही तितक्याच वेगाने पोहोचते, हे विसरून चालणार नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यावर देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या संगणककेंद्रांना जोडणारा कणाच तुटला. अशी आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी-व्यवस्थेतही दोष होता. दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले, आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. तेथील जाळे साध्या स्विचगटाहून पुष्कळच मोठे होते; बोध मात्र लहान संस्थेलाही लागू पडतो.

म्हणून मध्यवर्ती नियंत्रण स्वीकारताना काही पथ्ये पाळावी लागतात. आज्ञांसाठी स्वतंत्र मार्ग असावा. प्रत्येक बदलापूर्वीच्या मांडणीची प्रत जपून ठेवावी. नवा नियम आधी एका स्विचवर पारखून मगच सर्वांवर लागू करावा. केंद्र काही काळ मूक झाले, तरी प्रत्येक स्विचने आपले नित्याचे काम करीत राहावे, अशी रचना करणे हे यांतील सर्वांत महत्त्वाचे पथ्य होय.