कासच्या पठारावर जाताना

आम्हां गणेशगुडीकरांचा डोळा काळी नदीकाठच्या घनदाट अरण्याला सरावलेला. त्यामुळे साताऱ्याजवळचे कासचे पठार प्रथम पाहिले, की ते उजाडच भासते. सह्याद्री तोच, पाऊसही तसाच मुसळधार. मग येथे वृक्ष का नाहीत?

सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा विस्तीर्ण सडा. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. मोठ्या मुळांना थारा नाही. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात खडक तापतो. म्हणून चार महिन्यांत रुजून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या, किंवा कंदरूपाने दडून राहणाऱ्या इवल्या वनस्पतींचेच येथे राज्य. मातीत नत्र अपुरे; तेव्हा ‘सीतेची आसवे’ ही निळ्याजांभळ्या फुलांची वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते.

२०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या पठाराचा समावेश झाला. तरीही त्याचे रक्षण आपल्या पावलांवरच अवलंबून आहे. छायाचित्रासाठी फुलांत बसणारा पाहुणा केवळ फूल चिरडीत नाही. पुढील वर्षीचे बीही चिरडतो. कासला अवश्य जावे. मात्र पायवाट सोडू नये.