कोर्टाचा अवमान: कशाला भ्यायचं, कशाला नाही

शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदाच तारखेला आलेला शेतकरी लांबूनही ओळखू येतो. हातात कागदांची पिशवी, कान शिपायाच्या पुकाऱ्याकडे आणि मनात धाकधूक, की तोंडून भलतं काही निघालं तर साहेब आत टाकतील का? ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

आधी कोर्टातली शिस्त समजून घेऊ. न्यायाधीश आले की उभं राहायचं, मोबाइल बंद ठेवायचा, परवानगीशिवाय फोटो किंवा रेकॉर्डिंग करायचं नाही. नावाचा पुकारा झाला की पुढे जायचं. वकील असतील तर त्यांना बोलू द्यायचं. न्यायाधीशांनी थेट विचारलं तर त्यांच्याकडे पाहून उत्तर द्यायचं, समोरच्या पक्षकाराशी हुज्जत घालायची नाही. ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ एवढं संबोधन पुरतं. साक्ष देताना प्रश्न कळला नाही, तर ‘कळला नाही’ असं सांगण्यात काहीच गैर नाही. साक्ष नोंदवली जात असते. एका वेळी एकच जण बोलला, तरच हळू आवाजात बोलणाऱ्याचं म्हणणंही कागदावर उतरतं.

रागाच्या भरात आवाज चढला, तर बहुधा समज मिळते. मात्र कामकाज चालू असताना कोणी जाणूनबुजून न्यायाधीशांचा अपमान केला किंवा कामात व्यत्यय आणला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 267 खाली गुन्हा ठरतो. त्या दिवशीचं कामकाज संपण्याआधीच न्यायालय त्याची दखल घेऊ शकतं. त्या माणसाचं म्हणणं ऐकून 1,000 रुपयांपर्यंत दंड करता येतो. माफी समाधानकारक वाटली, तर शिक्षा माफही होते.

‘अवमान’ म्हणून जो कायदा ओळखला जातो, तो 1971 चा. त्याखाली शिक्षा देण्याचा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा. खालच्या न्यायालयाचा अवमान झाला, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. अवमान दोन प्रकारचा असतो. न्यायालयाचा आदेश किंवा न्यायालयाला दिलेली हमी हेतुपुरस्सर मोडली, तर तो दिवाणी अवमान. न्यायसंस्थेची बदनामी करणं किंवा न्यायदानात अडथळा आणणं, हा फौजदारी अवमान. त्याची तक्रार खासगी व्यक्तीला करायची असेल, तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर अवमानाची कारवाई सुरू करता येत नाही.

शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, 2,000 रुपये दंड किंवा दोन्ही. मनापासून मागितलेली माफी न्यायालय स्वीकारू शकतं. निकाल लागल्यावर त्यावर केलेली रास्त टीका अवमान ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे सांगितलेलं सत्य हा बचाव 2006 पासून कायद्याने मान्य केला आहे. म्हणजे ‘हा निकाल मला पटला नाही’ म्हणायला कोणाचीही बंदी नाही.

ज्यांच्या हातात सत्ता असते, त्यांच्यासाठी या कायद्याची खरी गरज आहे. 2006 मध्येच महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री आणि आधीचे वनमंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वन खात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना सर्वोच्च न्यायालयाने एक महिन्याच्या कैदेची शिक्षा दिली. न्यायालयाचा आदेश असतानाही काही सॉ मिलना परवानगी दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. मंत्रिपद नाईक यांच्या मदतीला आलं नाही.

आता त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. उद्या त्याला मनाई हुकूम मिळाला आणि शेजाऱ्याने तरीही बांध कोरला, तर दिवाणी न्यायालय त्या शेजाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकतं, त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. शेजारी गावचा पुढारी असला तरीही. पिशवीतल्या त्या एका कागदाला वजन येतं ते कोर्टाचा शब्द सगळ्यांना पाळावा लागतो म्हणून. न्यायाधीश आल्यावर आपण उभे राहतो, तेही त्याच शब्दाचा मान राखायला.