पाणी पिणारी गाडी

जमिनीवर थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. तरी आठवड्याला अर्धा लिटर कूलंट गायब. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि फाउंड्र्यांच्या गर्दीतल्या एका छोट्या गॅरेजात ही वीस वर्षांची पेट्रोल हॅचबॅक उभी आहे. मालक निवृत्त शिक्षक. लेक रत्नागिरीला दिलेली, त्यामुळे आंबा घाट सततचा आणि डिकीतला पाण्याचा कॅनही कायमचा. मी त्यांचा शेजारी. सोबतीला म्हणून आलो, पण मला मिस्त्रींचं काम बघायचं होतं.

“हेड गेलंय का हो मिस्त्री?” सरांनी आल्या आल्या विचारलं. जुन्या गाडीच्या मालकाला धास्ती असते ती हीच. हेड उतरवायचं, फेसिंगला टाकायचं, नवं गॅस्केट घालायचं. खर्चाचा आकडा ऐकून गाडीच विकून टाकावी असं वाटायला लागतं.

“हेड शेवटी बघायचं, सर. आधी टोपण बघू.”

रेडिएटरचं टोपण नुसतं झाकण नसतं, तो व्हॉल्व्ह असतो. या गाडीच्या टोपणावर ०.९ हा आकडा आहे. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ बार जास्त दाब आत साठेपर्यंत ते उघडत नाही. एवढ्या दाबाखाली साधं पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट मिसळलं तर त्याहून वर. घाटात इंजिन तापूनही पाणी उकळत नाही ते यामुळे. टोपणाच्या पोटात आणखी एक छोटा, उलट दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन निवलं की कूलंट आकसतं आणि हा व्हॉल्व्ह शेजारच्या बाटलीतलं पाणी परत आत घेतो. त्यानं काम सोडलं की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी गंमत होते. मालक रोज बाटली बघतो आणि निर्धास्त असतो. डॅशबोर्डवरचा काटा तर त्याहून फसवा. पाणी इतकं उतरलं की सेन्सरच उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो.

मिस्त्रींनी टोपण टेस्टरवर चढवून हातपंप मारला. ०.९ च्या जरा पुढं ते सुटलं. टोपण ठीक.

सरांचा जीव हेडमध्येच अडकलाय हे ओळखून मिस्त्रींनी तीही परीक्षा लगेच उरकली. चालू इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची काचनळी धरायची आणि रबरी फुग्यानं वरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं द्रव पिवळा पडतो. निळा तो निळाच राहिला. मग प्लग काढले. ज्या सिलिंडरात पाणी जातं, तिथला प्लग वाफेनं धुतल्यासारखा चकचकीत निघतो. इथं सगळे सारखेच तपकिरी. सरांनी पहिल्यांदा स्टूल ओढून बूड टेकलं.

पुढचा संशयित हीटर. कोल्हापुरात हीटर लावायची वेळ कितीदा येते? तरी डॅशबोर्डच्या मागं त्याचा छोटा रेडिएटर असतोच, आणि तो गळू लागला की पाणी बाहेर न येता आतल्या कार्पेटमध्ये मुरतं. काचेवर तेलकट वाफ धरते, गोडसर वास येतो. कार्पेट ओलं होतंच. पावसाळ्यात इथं कुणाच्या गाडीचं कोरडं असतं? मिस्त्रींनी तो ओलावा बोटांत चोळून पाहिला. कूलंट बुळबुळीत लागतं, वाळताना चिकटतं. हे नुसतं पाणी होतं. काही जण चव घेऊन बघतात, तो मूर्खपणा आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं, सांडलेलं चाटून कुत्री-मांजरं मरतात. त्यामुळे या गॅरेजात कूलंट काढताना खाली ट्रे असतो.

“आत काय घातलंय का सर? हळद वगैरे?”

सरांनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. “चमचाभर.”

हळद हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. पूड फुगून बारीक भोकात बसते आणि गळती थांबते. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही तिनं तुंबतात. रस्त्यात अडकलात तर घाला, पण घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा, हे माझं मत. मिस्त्रींनी फक्त मान हलवली.

गाडी रात्रभर तिथंच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरच्या तोंडावर टेस्टर बसवून मिस्त्रींनी ०.९ पर्यंत हवा भरली. मग काहीच करायचं नव्हतं. चहा आला. काटा ०.८ वर आला. सर पाच-पाच मिनिटांनी उठून बघत होते. काटा ०.७ च्या जवळ पोचला तेव्हा गाडीखाली पडलेला पोरगा ओरडला, “मामा, मागनं थेंब पडायलाय!”

इंजिनाच्या मागच्या अंगाला, एक्झॉस्टच्या वरून एक लोखंडी पाइप जातो. वरून वाकून दिसत नाही, आरसा आणि टॉर्च लागतो. आरशात दिसलं: पाइपाच्या बुडाशी गंजाचा फुगवटा, त्याच्या टोकाला हिरवट पांढरी खपली आणि तिच्यातून एक्झॉस्टच्या पत्र्यावर पडणारा थेंब.

एवढे दिवस तो कुणालाच का दिसला नाही, याचं उत्तर त्या पंपात होतं. इंजिन गार असताना आत दाब नसतो, म्हणून पाइप गळत नाही. दाब येतो तो इंजिन तापल्यावर, आणि तेव्हा खालचा एक्झॉस्ट इतका तापलेला असतो की थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आत त्याची वाफ होते. गळती आणि तिचा पुरावा पुसणारी उष्णता नेहमी बरोबरच यायच्या. हातपंपानं त्यांची फारकत केली: दाब दिला, उष्णता दिली नाही. पाणी उडून गेलं तरी कूलंटचा रंग मात्र मागं राहतो, आणि ती खपली त्याचीच होती.

पाइप काढून हातात घेतला तर बाहेरून निम्मा बरा, आतून पार पोखरलेला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून भर टाकली की कूलंटमधलं गंजरोधक पातळ होत जातं. कमी झालेलं पाणी भरून काढणं हेच पुढच्या गळतीचं कारण बनतं. “ब्रेझिंग करून चालेल का?” सरांनी विचारलं. उद्यमनगरात ते दहा मिनिटांचं काम. “लावायचं कशावर? जागाच न्हाई उरली,” म्हणत मिस्त्रींनी पाइपावर स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला.

नवा पाइप, नव्या ओ-रिंगा. हळद धुऊन निघेपर्यंत साध्या पाण्यानं धुलाई, मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हीटरची कळ गरमवर, टोपण उघडं आणि इंजिन चालू, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. थर्मोस्टॅट उघडला तसा वरचा होज एकदम गरम झाला, रेडिएटरमधली पातळी खाली गेली, पोरग्यानं भर घातली. इंजिन निवल्यावर पुन्हा पंप. या वेळी काटा जागचा हलला नाही.

तरी मिस्त्री होज दाबून बघत राहिले. इतके दिवस दाब गळक्या पाइपातून सुटत होता, आता तो पुरा बसणार आणि जुन्या रबराला सोसावा लागणार. खालच्या होजच्या तोंडाशी बारीक चिरा होत्या. “हा पण बदलून टाका,” सर म्हणाले. मिस्त्रींनी मार्करनं बाटलीवर पातळीची रेघ ओढली आणि रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, ती बघायला सांगितलं.