डिस्क जोडा, पण प्रत वेगळी ठेवा

तुळशीचं लग्न लागलं की पनवेलच्या फोटो स्टुडिओंमधले संगणक भरू लागतात. फोर-के व्हिडिओ सेकंदाला 100 मेगाबिट या वेगानं नोंदवला, तर तासाभराचं चित्रीकरण 45 जीबी जागा खातं. दोन कॅमेरे आणि हळदीपासून वरातीपर्यंत आठ तास धरा, एका लग्नाचे 720 जीबी झाले. मग दुसरी डिस्क येते, तिसरी येते, आणि पडद्यावर डी, ई, एफ, जी अशी रांग लागते. कुठलं लग्न कुठल्या अक्षरात आहे, हे शोधण्यातच सकाळ जाते. या सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी डिस्क करता येईल का?

येते. पण जोडण्यापूर्वी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं: जागा, वेग की सुरक्षितता. यातलं एक मिळवताना दुसऱ्यावर थोडं पाणी सोडावंच लागतं.

या कल्पनेला शास्त्रीय बैठक मिळाली ती 1988 मध्ये. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र राबवाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. अडचण एकच होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून काही जागा फक्त दुरुस्तीसाठी राखून ठेवायची. हीच ती 'रेड' पद्धत.

तिचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. रेड 0 मध्ये फाइलचे तुकडे करून ते दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिले जातात. वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि सगळी जागा वापरता येते. पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता 3 टक्के आहे. अशा चार डिस्क रेड 0 मध्ये जोडल्या, तर सगळा डेटा उडण्याची शक्यता साडेअकरा टक्क्यांच्या घरात जाते.

रेड 1 मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. 4 टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी हाती 4 टीबीच येतात, पण एक बंद पडली तरी काम थांबत नाही. रेड 5 ला किमान तीन डिस्क लागतात. एका डिस्कवर 5, दुसरीवर 7 आणि तिसरीवर त्यांची बेरीज 12 लिहिली आहे, असं समजा. यातला कुठलाही एक आकडा पुसला, तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी शून्य-एकचं गणित असतं आणि हिशेबाचे तुकडे सगळ्या डिस्कवर विखुरलेले असतात. 4 टीबीच्या तीन डिस्कमधून 8 टीबी जागा मिळते.

काहीतरी बिघडणारच, हे आधीच गृहीत धरण्याची ही रीत पनवेलला नवी नाही. 2020 च्या जुलैत इथल्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 'योट्टा एनएम 1' हे 7,200 रॅकचं डेटा सेंटर सुरू झालं. 'टियर फोर' हा त्याचा दर्जा. वीज किंवा कूलिंगचं कुठलंही एक यंत्र बंद पडलं तरी काम चालू राहिलं पाहिजे, असा त्याचा अर्थ.

घरच्या डेस्कटॉपवर हेच जमवायला वेगळं यंत्र लागत नाही. विंडोजमध्ये 2012 पासून 'स्टोरेज स्पेसेस' ही सोय आहे, लिनक्सवर 'एमडीएडीएम' आणि 'एलव्हीएम' आहेत. मदरबोर्डच्या बायोसमध्येही रेडचा पर्याय अनेकदा असतो. पण बोर्ड जळाला तर तसाच बोर्ड शोधत फिरावं लागू शकतं. म्हणून साध्या वापराला सॉफ्टवेअरची जोडणी बरी. सुरू करण्यापूर्वी एक पक्कं लक्षात ठेवा: जोडणीत घेतलेल्या डिस्क कोऱ्या केल्या जातात. आतला डेटा आधी दुसरीकडे हलवा. शक्यतो सारख्या क्षमतेच्या डिस्क घ्या, कारण रेडमध्ये मोठ्या डिस्कची जास्तीची जागा सहसा वाया जाते. आणि 8 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 7.27 दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1,024 नं.

डिस्क बदलल्यावर जोडणी पुन्हा पूर्ण व्हायला वेळ लागतो. सेकंदाला 150 एमबी वेग धरला, तर 8 टीबीची डिस्क भरायला जवळपास 15 तास लागतात. त्या वेळात रेड 5 मधली दुसरी डिस्क गेली, तर सगळा डेटा जातो. त्यातच वीज गेली तर अर्धवट लिखाण घोळ घालतं, म्हणून यूपीएस हवाच.

तरीही सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे: रेड केलं म्हणजे बॅकअप झाला. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. खंडणीखोर व्हायरस दोन्हींना सारखंच कुलूप घालतो. आणि 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्या पनवेलकरांना हे सांगायला नको की टेबलाखालच्या सीपीयूत पाणी शिरलं, तर आतल्या डिस्क दोन असोत की चार, त्या एकदमच बुडतात.

तेव्हा कामाच्या डेटासाठी रेड 1 किंवा रेड 5 निवडा. रेड 0 वर फक्त तेच ठेवा, जे गेलं तरी चालेल. प्रती एकूण तीन ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. उघडत नसलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.