विखुरलेली लक्षणे, आजार एकच : अमायलॉयडोसिस ओळखा

घरातील बुजुर्गांच्या पायावर सूज आली की आपण म्हणतो, वय झाले. हाताला मुंग्या आल्या की म्हणतो, अशक्तपणा असेल. बहुतेक वेळा अशा तक्रारींची कारणे साधी आणि वेगवेगळी असतात. पण कधी कधी त्या सर्वांमागे एकच दुर्मीळ आजार असतो. त्याचे नाव अमायलॉयडोसिस.

या आजारात शरीरातील काही प्रथिनांची घडण बिघडते. त्यांचे तंतू किडनी, हृदय, मज्जातंतू, आतडी यांत साचत जातात. कधी दोष अस्थिमज्जेतील पेशींत असतो, तर कधी तो आनुवंशिक असतो. काही वृद्धांत वयोमानाने हृदयात हे प्रथिन साचते. दीर्घकाळ चाललेला क्षयरोग किंवा संधिवात हेही एक कारण आहे. म्हणून ज्यांना पूर्वी टीबी झाला होता, त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. हा आजार संसर्गाने पसरत नाही.

रोजच्या इबादतीतही काही खुणा लक्षात येतात. वुजू करताना घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो का? पावलांना पाण्याचा गारवा जाणवतो का? सजद्यातून उभे राहताना भोवळ येते का? मशिदीच्या पायऱ्या चढताना पूर्वी न लागणारा दम लागतो का?

याशिवाय पुढील लक्षणे पाहा :

- लघवीला सतत फेस येणे
- दोन्ही हातांची बोटे रात्री बधिर होणे
- कारण नसताना वजन घटणे, जुलाब किंवा बद्धकोष्ठता
- जीभ जाड होऊन कडेला दातांचे व्रण उमटणे
- मार न लागता डोळ्यांभोवती जांभळे डाग पडणे

शेवटची दोन लक्षणे थोड्याच रुग्णांत दिसतात. पण दिसली तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

अडचण अशी की सुजेसाठी एक डॉक्टर, मुंग्यांसाठी दुसरा, दम्यासाठी तिसरा. पूर्ण चित्र कुणासमोरच येत नाही. म्हणून सर्व तक्रारी, त्या केव्हा सुरू झाल्या ते, जुने आजार आणि चालू औषधे एका कागदावर लिहून एकाच फिजिशियनला दाखवावीत. लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्ततपासणी आणि हृदयाची इको यांतून दिशा मिळते. गरज पडल्यास पोटाच्या चरबीचा किंवा बाधित अवयवाचा छोटा तुकडा तपासतात.

भोवळ येते म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. रोजे ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेलीच आहे.

आज यावर औषधे आहेत. मात्र आधीच झालेली हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. दुआ करावीच, पण तपासणी पुढे ढकलू नये. इलाज करणे ही सुन्नतच आहे.